पोकलेनच्या अंडरकॅरेजमध्ये नेमकं काय बिघडलंय ते कसं ओळखायचं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अंडरकॅरेज म्हणजे नक्की काय काय धरायचं?

लिंक, पिन आणि पिनवरची नळी म्हणजे बुश यांची बनलेली चेन (ट्रॅक), त्यावर बोल्टने बसवलेले शू म्हणजे जमिनीला टेकणाऱ्या पट्ट्या, पुढचा आयडलर म्हणजे चेन वळवणारं चाक, मागचा स्प्रॉकेट म्हणजे चेन ओढणारं दातेरी चाक, खालचे बॉटम रोलर, वरचे टॉप रोलर, आयडलरमागचा ग्रीस सिलेंडर आणि मोठी स्प्रिंग, आणि हे सगळं धरून ठेवणारी ट्रॅक फ्रेम. स्प्रॉकेट फिरवणारी ट्रॅव्हल मोटर आणि तिचा गिअरबॉक्स म्हणजे फायनल ड्राईव्ह हायड्रोलिकवाल्याच्या खात्यात जातात, पण चालताना जो त्रास होतो त्यात ह्या दोघांची आणि चेनची कुरबुर इतकी सारखी दिसते की निदान करताना तिघांना एकत्रच बघावं लागतं. मशीनच्या आयुष्यभराच्या देखभालीच्या खर्चात अर्ध्याच्या आसपास वाटा एकट्या अंडरकॅरेजचा असू शकतो, आणि त्यातला बराचसा अंदाजाने पार्ट बदलण्यात जातो, हे बघून मला खरंच वाईट वाटतं. दोन गोष्टी पक्क्या धरा: पार्ट मागवायच्या आधी माप घ्यायचं आणि डावी बाजू उजवीशी ताडून बघायची. एकाच मशीनच्या दोन बाजू एकाच जमिनीवर तेवढेच तास चाललेल्या असतात, म्हणजे तुलनेसाठी दुसरा नमुना शोधायला कुठे जायलाच नको.

तपासणीला सुरुवात कुठून करायची?

धुण्यापासून. पण थांबा, धुवायच्या आधी एक चक्कर मारून ऑइल कुठे दिसतंय ते बघून घ्या, कारण प्रेशरने पाणी मारलं की गळतीची खूणच धुऊन जाते. रोलरच्या तोंडाशी ऑइल आणि धूळ मिळून काळी, ओलसर चिकट पेस्ट झालेली असते, तिच्यावर बोट फिरवलं की बोटाला ऑइल लागतं. नुसता चिखल सुकलेला असेल तर तो खपलीसारखा निघून येतो, बोट कोरडं राहतं. हा फरक एकदा हाताला कळला की परत चूक होत नाही. खडूने खूण करा, मग धुवा, मग सपाट कडक जमिनीवर मशीन उभी करून बाकीचं बघा.

चेन सारखी उतरते, कारण काय?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि शंभरातले नव्वद जण लगेच म्हणतात की चेन ढिली आहे, टाईट करा. ढिली असते हे खरं, पण ती का ढिली झाली ते कोणी बघत नाही. सिलेंडरमध्ये ग्रीस भरून, म्हणजे आयडलर पुढे ढकलून, टाईट केली आणि दोन-तीन दिवसांत परत सैल पडली तर ग्रीस कुठून तरी निघून जातंय, एकतर ग्रीस भरायच्या निपलच्या व्हॉल्व्हमधून नाहीतर सिलेंडरच्या पिस्टन सीलमधून. ट्रॅक फ्रेमच्या खिडकीतून आत टॉर्च मारून बघा, पिस्टनच्या बाजूला ताजं ग्रीस ओघळलेलं दिसलं तर सील गेलंय.

ग्रीस टिकतंय आणि तरी चेन उतरते, तर मग आयडलर आणि रोलरच्या कडा बघायच्या. आयडलरच्या मधला जो उंचवटा लिंकच्या दोन ओळींच्या मध्ये बसतो तोच चेनला दिशा देतो, तो उंचवटाच बाजूने घासून बारीक झाला की चेनला धरायला काही राहत नाही. रोलरच्या फ्लँजचंही, म्हणजे कडेच्या उंच कडांचंही, तसंच. तिसरं कारण म्हणजे साप चेन, म्हणजे पिन-बुश आतून एवढे झिजलेत की चेन आडवी डोलते, मशीनच्या मागे उभं राहून आयडलरकडे नजर टाकली की चेन नागमोडी दिसते. अशा चेनला कितीही ग्रीस भरा, ती वळताना उतरणारच.

आणि एक कारण ऑपरेटरच्या हातातलं असतं: उतारावर आडवं चालवताना खालच्या बाजूला झटक्यात वळवणं, किंवा स्प्रॉकेटमध्ये दगड अडकलेला असताना तसंच रेटणं. एकच बाजू, एकाच प्रकारच्या कामात, एकाच दिशेला वळताना उतरत असेल तर पार्टच्या आधी कामाची पद्धत बघा.

फ्रेम वाकलीये का हे कसं कळेल?

रोलरच्या आतल्या फ्लँजची झीज आणि बाहेरच्या फ्लँजची झीज यात मोठा फरक दिसतो, स्प्रॉकेटचे दात एकाच अंगाने बाजूला घासलेले असतात, आणि आयडलर एका बाजूच्या लिंकला चमकवून ठेवतो. तीनही खुणा एकाच बाजूच्या ट्रॅकवर असतील आणि दुसरीकडे नसतील तर दोरी लावून आयडलर ते स्प्रॉकेट रेष तपासून घ्या. रेष चुकत असेल तर नवीन चेन टाकण्यात काही अर्थ नाही, तीही तशीच घासली जाईल.

चेनचं टेन्शन बरोबर कसं मोजायचं? प्रत्येकजण वेगळा आकडा सांगतो.

आकडे वेगळे येतात कारण मोजायच्या पद्धती दोन आहेत, आणि लोक एका पद्धतीचा आकडा दुसरीला लावतात. पहिल्या पद्धतीत मशीन जमिनीवरच ठेवून वरच्या बाजूला आयडलर आणि टॉप रोलरच्या मध्ये सरळ पट्टी ठेवायची आणि चेन पट्टीपासून किती खाली लोंबते ते मोजायचं, हा आकडा लहान असतो, २० टनी मशीनच्या काही पुस्तकांत तो १० ते ३० मिमी दिलेला आहे. दुसऱ्या पद्धतीत वरचा भाग आडवा फिरवून बूम आणि आर्ममध्ये ९० ते ११० अंशाचा कोन करून बकेटच्या गोल बाजूने एक ट्रॅक उचलायचा, फ्रेमखाली ठोकळे लावायचे, चेन पुढेमागे फिरवून माती झाडायची आणि मग मधोमध फ्रेमच्या खालच्या कडेपासून लोंबणाऱ्या शूच्या आतल्या पृष्ठभागापर्यंत अंतर घ्यायचं. इथे आकडा मोठा येतो, २० टनी क्लासमध्ये ३०० मिमीच्या पुढेही. तुमच्या मशीनच्या पुस्तकात कुठली पद्धत दिलीये ते आधी बघा, मग तोच आकडा धरा.

टाईट ठेवलेली बरी की ढिली?

दोन्ही वाईट, पण लोकांना टाईटचं वाईटपण दिसत नाही म्हणून ते जास्त धोक्याचं. चेन टाईट असली की पिन-बुश आणि स्प्रॉकेट प्रत्येक फेऱ्यात दाबाखाली घासतात, आयडलरच्या बेअरिंगवर ताण येतो, मशीनची ताकद चालण्यातच जाते आणि मालक म्हणतो ट्रॅव्हल मोटर कमजोर झाली. चिखलात काम असेल तर अजून एक गोष्ट, स्प्रॉकेटच्या दातांत आणि रोलरवर माती भरत जाते तशी चेन आपोआप टाईट होते, म्हणून सकाळी धुतलेल्या मशीनवर लावलेलं टेन्शन दुपारी तेच राहत नाही. ज्या मातीत मशीन राबणार आहे त्या मातीसकट टेन्शन तपासायचं.

चेन ढिली करताना ग्रीस बाहेर येत नाही, व्हॉल्व्ह अजून उघडू का?

नाही. अजिबात नाही. आत ग्रीसचा दाब प्रचंड असतो आणि व्हॉल्व्ह पूर्ण निघाला तर तो गोळीसारखा बाहेर येतो, माणसं जायबंदी झालेली आहेत. साधारण एक फेरा सैल करायचा, व्हॉल्व्हच्या समोर तोंड, हात, पाय काहीही आणायचं नाही, आणि ग्रीस येत नसेल तर माणसं लांब करून मशीन अगदी हळू थोडी पुढेमागे करायची. तरी येत नसेल तर आयडलरचा सरकता भाग माती आणि गंजाने जाम झालेला असू शकतो, तो साफ करून मोकळा करावा लागतो. मागची स्प्रिंग साईटवर उघडायचा विचारही करू नका, ती कित्येक टनांच्या दाबाने आवळलेली असते, त्यासाठी वर्कशॉपचा प्रेसच लागतो.

चेन ताणली गेलीये हे मापाने कसं ठरवायचं?

लोखंड ताणलं जात नाही, पिन आणि बुशच्या मध्ये आतून झीज होते आणि त्यामुळे दोन पिनमधलं अंतर म्हणजे पिच वाढतो. मोजायला स्प्रॉकेटच्या दातात एक जुनी पिन घालून मशीन हळूच सरकवा म्हणजे चेन ताठ होते, इंजिन बंद करा, मग टेपने चार पिच मोजा, म्हणजे एका पिनच्या मध्यापासून पाचव्या पिनच्या मध्यापर्यंत. चेन जोडायच्या मास्टर पिनचा भाग त्यात घेऊ नका. १९० मिमी पिचच्या चेनला नवीन असताना हे अंतर ७६० मिमीच्या आसपास असतं आणि ७७५ च्या जवळ पोचलं की चेन संपत आलीये असं समजा, नेमकी मर्यादा पुस्तकात असते. दोन-तीन ठिकाणी मोजा, कारण मधलेच दोन-चार जॉइंट कोरडे पडून जास्त झिजलेले असतात आणि एकाच जागी मोजलं तर ते सुटतात.

कोरडा पडलेला जॉइंट कसा ओळखायचा?

मशीन हळू चालवत नेली की ठराविक लिंक स्प्रॉकेटवर वळताना करकर आवाज येतो. थांबवून त्या पिनच्या टोकाशी बघा, लालसर तपकिरी बारीक भुकटी दिसेल, म्हणजे सील गेलंय, ग्रीस संपलंय आणि लोखंड लोखंडाला खातंय. इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर अर्धा तास चालवून प्रत्येक पिनच्या टोकावर मारा, कोरडा जॉइंट शेजाऱ्यांपेक्षा स्पष्ट गरम लागतो. रोलरसाठीही हीच युक्ती चालते. हात लावून बघू नका, भाजतं.

चेन लांब झाली तर एक लिंक काढून चालेल का?

आयडलर पुढे जाऊन जाऊन त्याच्या खाचेच्या शेवटाला टेकला की हा प्रश्न येतोच. लिंक काढली की चेन टाईट होईल, पण प्रत्येक पिच वाढलेलाच राहिला ना. स्प्रॉकेटच्या दातांमधलं अंतर जुनंच आणि बुशमधलं वाढलेलं, म्हणून बुश दाताच्या मुळाशी बसायच्या ऐवजी दातावर चढतो, आणि दात टोकदार होत जातात. काम संपवायला चार दिवस काढायचेत एवढ्यापुरतं कोणी करत असेल तर समजू शकतो, दुरुस्ती म्हणून माझा ठाम विरोध आहे.

स्प्रॉकेट टोकदार झालाय, फक्त तोच बदलू?

सायकलची जुनी चेन आणि नवी चक्री जशी जमत नाही तसंच हे आहे. टोकदार दात हा बहुतेक वेळा चेनच्या पिचचा आजार असतो, स्प्रॉकेट फक्त तो दाखवतो. जुन्या चेनवर नवा स्प्रॉकेट घातला तर तो फार लवकर त्याच आकाराचा होतो, आणि नव्या चेनला जुना स्प्रॉकेट ठेवला तर नव्या बुशची वाट लागते. आधी पिच मोजा. पिच चांगला आहे, बुशही गोल आहेत, आणि दात तरीही गेलेत, असं क्वचित होतं.

दाताची कुठली बाजू खाल्ली गेलीये तेही बघत जा. रिव्हर्सच्या बाजूची झीज जास्त असेल तर मशीन उलटी जास्त चालवली जाते. स्प्रॉकेट मागे ठेवून पुढे चालताना ताण चेनच्या खालच्या भागात राहतो, उलट चालवताना तोच ताण वरून आयडलरला वळसा घालून येतो आणि जास्त जॉइंट दाबाखाली फिरतात, म्हणून झीज वाढते. लांब जायचं असेल तर स्प्रॉकेट मागे करूनच चाला.

रोलर कधी बदलायचे, सगळे एकदम की एकेक?

गळणारा, न फिरणारा आणि सपाट पडलेला, हे तीन लगेच काढा. टॉप रोलर मातीने जाम होऊन एकाच जागी घासला की त्याच्यावर सपाट चट्टा पडतो आणि मग माती काढली तरी तो फिरत नाही. बॉटम रोलरसाठी ट्रॅक उचलून पहारीने रोलर वरखाली हलवून बघा, आत खळखळ असेल तर बुश गेलाय. एखाद-दुसरा बदलताना एक काळजी घ्या, बाकीचे खूप झिजलेले असतील तर नवा मोठा रोलर एकटाच वजन घेतो आणि लवकर मरतो. म्हणून कॅलिपरने शेजारच्यांचा व्यास मोजा, फरक फार असेल तर अर्धवट झिजलेला पण चांगला रोलर तिथे टाकलेला जास्त बरा.

मशीन सरळ चालत नाही, एका बाजूला ओढते.

लगेच पंप आणि मोटरच्या मागे लागू नका. आधी दोन्ही चेनचं टेन्शन आणि अडकलेली माती सारखी करा, मग सपाट जमिनीवर २० मीटरची दोरी लावून चालवून बघा, पुढे आणि मागे, स्लो आणि फास्ट. तरी ओढत असेल तर एकेक ट्रॅक उचलून शूवर खडूची खूण करा आणि तीन फेऱ्यांना किती सेकंद लागतात ते लिहा. डावा-उजवा, पुढे-मागे, ऑइल थंड असताना आणि गरम झाल्यावर. हा कागद हातात असला की अर्धं निदान झालेलं असतं.

बहुतेक मशीनमध्ये एक पंप एका ट्रॅकला आणि दुसरा दुसऱ्याला ऑइल देतो, म्हणून जी बाजू मंद आहे तिच्याच पंपावरची बूम, बकेट किंवा स्विंगसारखी कामंही मंद आहेत का ते बघा. ती पण मंद असतील तर शोध पंपाकडे न्या. फक्त ट्रॅव्हलच मंद असेल तर जाणकार मेकॅनिककडून सेंटर जॉइंटच्या (फिरणारा वरचा भाग आणि खालचे ट्रॅक यांच्यामधला ऑइलचा जोड) वरच्या बाजूला डाव्या-उजव्या होज अदलाबदल करून घ्या: बिघाड दुसऱ्या बाजूला गेला तर तो वर आहे, व्हॉल्व्ह किंवा पंपात, आणि जागच्या जागी राहिला तर सेंटर जॉइंट, मोटर किंवा फायनल ड्राईव्ह. मग मोटरजवळ परत तसंच करायचं म्हणजे सेंटर जॉइंट सुटा होतो. होज उघडायच्या आधी प्रेशर काढणं आणि टोकं झाकणं विसरू नका, आणि अदलाबदलीनंतर लिव्हर उलटे चालतील हे ऑपरेटरला आधी सांगा.

सरळ चालते पण चालता चालता बूम उचलली की वळते, तर चालताना दोन्ही ट्रॅकना सारखं ऑइल देणारा स्ट्रेट ट्रॅव्हल व्हॉल्व्ह बघायला सांगा. हवेत उचलल्यावर ट्रॅक मस्त फिरतो आणि जमिनीवर दम लागतो, गरम झाल्यावर जास्तच, तर मोटरच्या आत लीकेज वाढलंय, केस ड्रेनचं, म्हणजे मोटरच्या आतून गळून टाकीकडे परत जाणारं, ऑइल मोजलं की कळतं. फास्ट स्पीड एकाच बाजूला लागत नसेल तर त्या मोटरच्या आत बघा, दोन्ही बाजूला लागत नसेल तर स्विच, सोलेनॉइड किंवा सेंटर जॉइंटमधून जाणारी पायलट लाईन.

स्प्रॉकेटच्या मागून ऑइल गळतंय, फायनल ड्राईव्हचं ऑइल अडवणारं फ्लोटिंग सील बदलायचं ना?

आधी फायनल ड्राईव्हचा लेव्हल प्लग उघडा. गरम असताना आत प्रेशर असतं, म्हणून थंड होऊ द्या आणि प्लग हळूहळू सैल करा, समोर उभं राहू नका. लेव्हलपेक्षा जास्त पातळ ऑइल भळभळून आलं तर ट्रॅव्हल मोटरचं शाफ्ट सील गेलंय आणि हायड्रोलिक ऑइल गिअरमध्ये येतंय, त्या दाबाने फ्लोटिंग सील गळतंय. अशा वेळी नुसतं फ्लोटिंग सील बदललं तर ते परत गळणार. शाफ्ट सील का गेलं तेही शोधा, केस ड्रेनची लाईन किंवा तिचा फिल्टर चोक असेल तर नवं सीलही उडतं.

लेव्हल कमी असेल तर मग फ्लोटिंग सीलच. स्प्रॉकेटच्या मागच्या फटीत हात घालून बघा, बऱ्याचदा तिथे बाइंडिंगची तार किंवा दोरी गुंडाळलेली सापडते, तिनेच सील कापलेलं असतं.

फायनल ड्राईव्हच्या ऑइलवरून काय कळतं?

बरंच कळतं. दुधी रंग म्हणजे पाणी शिरलंय. प्लगच्या चुंबकावर राखाडी मऊ लगदा म्हणजे नेहमीची झीज, पण बोटात टोचणारे कण किंवा तुकडे आले तर गिअर किंवा बेअरिंग तुटतंय, मशीन तिथेच थांबवा. सोनेरी चमक दिसली तर ब्राँझचा वॉशर किंवा बुश. बऱ्याच मशीनना हे ऑइल २००० तासांनी बदलायला सांगितलेलं असतं, पहिल्यांदा त्याच्या खूप आधी. मध्ये मध्ये लेव्हल बघायची ती वेगळीच.

मोटर फिरल्याचा आवाज येतो पण ट्रॅक हलत नाही.

सन गिअरचा (फायनल ड्राईव्हमधला मधला गिअर) शाफ्ट किंवा कपलिंग तुटलंय असं धरून चाला, आणि ताबडतोब ट्रॅकला ओट म्हणजे अडवायचे ठोकळे लावा. पार्किंग ब्रेक मोटरच्या बाजूला असतो, मधला शाफ्ट तुटला की त्या बाजूला ब्रेक उरतच नाही आणि उतारावर मशीन घरंगळू शकते.

शूचे बोल्ट सारखे ढिले होतात.

एकदा ढिला होऊन चाललेला बोल्ट परत आवळून वापरू नका, नट-बोल्ट दोन्ही नवे घ्या आणि बसायच्या जागेवरचा गंज, माती, रंग साफ करा. बऱ्याच मशीनमध्ये आधी ठराविक टॉर्क आणि मग अजून १२० अंश फिरवायचं असतं, नुसत्या इम्पॅक्ट गनच्या भरवशावर ते होत नाही. लिंकचं भोक लांबट झालं असेल तर बोल्ट टिकणार नाही. आणि शू किती रुंद आहे ते बघा, कडक दगडात रुंद शू टोकावर उचलला जातो आणि बोल्टवर, पिनवर तरफेसारखा जोर येतो. जमिनीत मशीन रुतत नाही एवढा अरुंद शू, हेच योग्य माप.

मेकॅनिकला फोन करायच्या आधी काय लिहून ठेवू?

मशीनचे तास, दोन्ही बाजूंचा चार पिचचा आकडा, टेन्शनचा आकडा आणि कुठल्या पद्धतीने घेतलाय ते, तीन फेऱ्यांचे सेकंद, त्रास थंड असताना आहे की गरम झाल्यावर, पुढे जाताना की मागे, आणि फायनल ड्राईव्हच्या प्लगवरचा लगदा दिसेल असा स्वच्छ फोटो. दोन्ही बाजूंचे फोटो एकाच अंतरावरून काढा, आणि ज्या बाजूला त्रास नाही तिचेही पाठवा.